टोटल लॉस झालेली गाडी आणि माझ्या नावावरचा विमा

२०२१ च्या दिवाळीआधी मी नाशिकमधल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून २०१८ सालची एक छोटी गाडी ४ लाख ३५ हजार रुपयांना घेतली. आरसीवर एकच मालक होता, गाडी २६ हजार किलोमीटर चाललेली होती, रंग चकचकीत होता आणि पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातून ती महिनाभरात माझ्या नावावर झाली. आधीचा विमा संपला असल्याने नवा ‘फुल इन्शुरन्स’ आपलाच माणूस काढून देईल, असे व्यापाऱ्याने सांगितले तेव्हा मला ती सोयच वाटली. त्या सोयीची मी मोजलेली किंमत दुसऱ्या कोणावर मोजण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

जून २०२२ मध्ये, पावसाच्या पहिल्याच सरीत, विल्होळीजवळ महामार्गावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि आमची गाडी त्याच्यावर आदळली. पत्नीचे मनगट मोडले, माझी छाती स्टिअरिंगवर आपटली, पण एकही एअरबॅग उघडली नाही. गाडी सातपूरच्या गॅरेजमध्ये नेल्यावर फोरमनने स्टिअरिंगच्या मधले झाकण माझ्यासमोर उघडले. आत एअरबॅग नव्हतीच. तिच्या वायरच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर जोडून त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती, त्यामुळे किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा नियमाप्रमाणे लागायचा आणि विझायचा. बॉनेटखाली डाव्या बाजूचा पत्रा कापून दुसऱ्या गाडीचा पत्रा वेल्ड केलेला होता आणि त्यावर इतका जाड रंग मारला होता की बोट फिरवल्याशिवाय सांधा कळत नव्हता. “काका, ही गाडी आधी एकदा पूर्ण गेलेली आहे,” एवढेच फोरमन म्हणाला.

दुरुस्तीचा अंदाज १ लाख ८६ हजार रुपयांचा होता. विमा कंपनीकडून नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला आणि पाच आठवड्यांनी विमा कंपनीचे क्लेम नाकारल्याचे पत्र आले. त्यात दोन कारणे होती. एक म्हणजे, याच चॅसी क्रमांकाच्या गाडीचा डिसेंबर २०१९ मधला अपघाताचा क्लेम आधीच्या विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून चुकता केलेला असताना ती माहिती प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जात, लपवली होती. आणि दुसरे, गाडीवर आजवर एकही क्लेम झालेला नाही असे लिहून ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, घेतला होता. फॉर्म माझ्या नावाचा होता, म्हणून खोटे निवेदनही माझेच ठरले.

टोटल लॉस म्हणजे काय, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरवलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. या गाडीची आयडीव्ही तेव्हा ६ लाख २० हजार होती, म्हणजे मर्यादा ४ लाख ६५ हजारांची, आणि दुरुस्तीचा अंदाज ५ लाखांच्या वर गेला होता. मालकाला पैसे मिळाले आणि सांगाडा लिलावात विकला गेला. हा निव्वळ खर्चाचा हिशेब असतो. गाडी कायमची निकामी झाली असा त्याचा अर्थ नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची वापराबाहेर गेली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते, पण अशा दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांची आरसी बहुधा तशीच जिवंत राहते आणि तिच्यावर टोटल लॉसची कोणतीही खूण नसते. या धंद्याचे मूळ इथेच आहे.

आरसीवरून मी पहिल्या मालकांचा पत्ता शोधला आणि त्यांना फोन केला. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “साहेब, ती गाडी अजून रस्त्यावर आहे? मी तर ती टोटल लॉसमध्ये दिली होती.” क्लेम मिळताना त्यांच्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जांवर, कोऱ्या सह्या घेतल्या होत्या. सांगाडा त्यानंतर किती हातांतून गेला हे त्यांना माहीत नव्हते, कारण मधल्या कोणीही गाडी स्वतःच्या नावावर केलीच नाही. शेवटी त्याच सह्यांवर ती थेट माझ्या नावावर आली आणि मी कागदोपत्री ‘सेकंड ओनर’ झालो. त्या जवळपास दोन वर्षांत या गाडीखाली कोणी सापडले असते, तर पोलीस त्या सज्जन गृहस्थांच्या दारात गेले असते.

आता पॉलिसी कशी निघाली ते सांगतो, कारण माझी चूक तिथे झाली. एजंटने मोबाइलवर गाडीचे सहा फोटो काढून पाठवले आणि थोड्या वेळाने मला फोन करून आलेला ओटीपी विचारला. मी तो सांगितला, म्हणजेच फॉर्मला माझी संमती दिली. त्या मेसेजमध्ये प्रपोजल फॉर्मची लिंक होती, ती मी उघडली नाही. पुढे मी फॉर्मची प्रत मागवली तेव्हा कळले की आधीच्या पॉलिसीचा क्रमांक खरा होता, मात्र तिची मुदत संपल्याची तारीख बदललेली होती आणि मागील क्लेमच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले होते. शिवाय नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, हेही मला त्या वेळी कोणी सांगितले नाही. पहिल्या मालकाचा बोनस माझ्या प्रीमियममधून वजा झालेला दिसला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, “गाडी बघूनच घेतली होती ना काका?” हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

जुनी गाडी घेताना चॅसी क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी नंतर गेलो. तिथली शेवटची नोंद डिसेंबर २०१९ मधल्या अपघाताच्या अंदाजपत्रकाची होती आणि त्यापुढे काहीही नव्हते. हे विचारायला मला अर्धा तास लागला असता. विक्रेत्याकडून आधीच्या पॉलिसीची प्रत घ्यावी, ती देणाऱ्या कंपनीकडे क्लेमची चौकशी करावी आणि गाडी टोटल लॉस झालेली नाही असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तो लेखी द्यायला कचरला, तर तिथूनच परतावे.

दुरुस्त केलेली अशी गाडी कोणी जाणूनबुजून, कमी किमतीत घेत असेल, तर त्यात गैर काही नाही. पण विमा काढताना ते प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहावे. कंपनी तपासणीला माणूस पाठवील, आयडीव्ही कमी धरील किंवा गाडीच्या नुकसानीचा विमा नाकारीलही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांना होणाऱ्या इजेचा आणि नुकसानीचा विमा, मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचाच आहे. नुकसानीचा विमा नाही हे आधी माहीत असणे आणि तो आहे अशा समजुतीत हप्ते भरत राहणे, यांतला फरक मला १ लाख ८६ हजारांना कळला.

विमा कंपनीकडे तक्रार करून महिनाभर वाट पाहिली आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. लोकपालांकडे अर्ज करण्याची मुदत नकार मिळाल्यापासून एक वर्षाची असते. बोनसची खातरजमा आधीच्या कंपनीकडून २१ दिवसांत लेखी मागवण्याचा नियम असताना माझ्या कंपनीने ती अपघात होईपर्यंत मागवली नाही, हा मुद्दा मी मांडला, पण खोट्या निवेदनापुढे तो टिकला नाही. व्यापाऱ्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला आणि दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली. ती अजून प्रलंबित आहे. सर्व पैसे चेकने दिले होते, म्हणून निदान व्यवहार नाकारणे त्याला जमलेले नाही.

गाडी मी स्वतःच्या पैशांनी दुरुस्त केली, दोन्ही एअरबॅग नव्या बसवल्या आणि आता तिच्यावर फक्त थर्ड पार्टी विमा आहे. मध्यंतरी सिन्नरचे एक गृहस्थ ती विकत घ्यायला आले होते. मी त्यांच्यासमोर आधी क्लेम नाकारल्याचे पत्र आणि सर्व्हिस सेंटरची नोंद ठेवली. त्यांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले, चहा घेतला आणि ते निघून गेले.