हवेच्या होडीसाठी काढता-घालता येणारा नांगर-पाट : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीत, जयगडच्या खाडीत माझ्या हवा भरून फुगवायच्या होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) चिकटवलेली नांगराची कडी पट्टीसकट उचकटून आली आणि जवळपास नवा नांगर दोरासह पाण्यात गेला. कडी बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. विक्रेत्याशी महिनाभर पत्रव्यवहार केल्यावर उत्तर आले की, नांगर बांधणे हा होडीचा अपेक्षित वापर नसल्यामुळे हमी लागू होत नाही. ज्या होडीच्या खोक्यावर मासे पकडणाऱ्या माणसाचे चित्र छापले आहे, तिच्याबाबत हे उत्तर मिळावे याचा मला आजही राग येतो. नवी तयार जोडणी ३,८०० रुपयांना मिळत होती आणि तीही पुन्हा चिकटवण्याचीच होती. म्हणून ती न घेता मी स्वतःच एक बनवली.

कडी का सुटली हे आधी समजून घ्यावे लागले. होडीच्या पीव्हीसी प्लास्टिकवर चिकटवलेली पट्टी पृष्ठभागाला समांतर ओढली तर मोठा ताण सहन करते, पण तिची एक कड वर उचलली गेली की चिकट कागद सोलावा तशी ती सुटत जाते. नाळेवरच्या कडीला नांगराचा दोर प्रत्येक लाटेबरोबर वर-खाली झटके देतो, म्हणजे नेमकी तिची कडच सोलतो. त्यामुळे नव्या जोडणीत काहीही चिकटवायचे नाही आणि ताण होडीच्या लांबीच्या दिशेनेच जाईल असे पाहायचे, एवढे मी ठरवले.

भाजी चिरायच्या पांढऱ्या एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाटाचा १२ मिलिमीटर जाडीचा तुकडा हा तिचा पाया आहे. तो पाण्याने फुगत नाही, साध्या करवतीने कापता येतो आणि कानशीने त्याच्या कडा गोल करता येतात. पाटाच्या पुढच्या कडेला एक पुली आहे, मागच्या कडेला दोर गुंडाळून अडकवायची दोन शिंगांची स्टीलची क्लीट आहे, आणि खाली जुन्या व्यायामाच्या मॅटचा थर आहे. पाटाच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून निघालेले नायलॉनचे पट्टे दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या बैठकांना जातात आणि नांगराचा सगळा ताण तेच घेतात. तिसरा पट्टा नाळेच्या पोटाखालून फिरून पाट जागेवर दाबून ठेवतो. सगळे मिळून १,१४० रुपये खर्च आला, त्यातही सर्वाधिक पैसे ३१६ प्रतीच्या स्टीलच्या बोल्टांवर गेले. तिथे काटकसर करू नये, कारण ३०४ प्रतीच्या स्टीलला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात, तर ३१६ मधील मॉलिब्डेनम ते बऱ्याच अंशी टाळते.

आता त्या तिसऱ्या पट्ट्याविषयी. या लेखातला सर्वांत मोठा भाग त्याला मिळत आहे याची मला कल्पना आहे, परंतु माझे तीन महिने त्यानेच खाल्ले. किनाऱ्यावर मी तो तारेसारखा ताणून बांधत असे आणि खाडीत शिरल्यावर दहा मिनिटांत तो दोन बोटे जातील इतका सैल होत असे, पाट तिरका होई आणि दोर पुलीच्या कडेवर घासू लागे. मी बकलाला दोष दिला. प्लास्टिकचे बकल काढून धातूचे लावले, ते पंधरा दिवसांत गंजले. पुन्हा दुसऱ्या प्रकारचे प्लास्टिकचे आणले, तरी फरक पडला नाही. मग होडीला बारीक छिद्र असावे असा संशय घेऊन साबणाचे पाणी लावत दोन रविवार घालवले. या टप्प्यावर मी ही जोडणी टाकाऊ ठरवून तसे एका मित्राला कळवलेही होते.

ते मत मला बदलावे लागले, कारण दोष ना पट्ट्याचा होता ना बकलाचा. तापलेल्या वाळूवर होडी फुगवली की आतली हवा ४५ अंशांपर्यंत तापलेली असते आणि खाडीच्या पाण्यात ती २८ अंशांपर्यंत उतरते. निरपेक्ष मापाने, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजल्यास, ही घट साधारण पाच टक्क्यांची आहे आणि ऐकायला किरकोळ वाटते. परंतु अशा होड्यांमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा केवळ एक पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास जास्त दाब असतो, आणि बाहेरचा १४.७ आणि हा जादा एक मिळून जो १५.७ पीएसआय एकूण दाब होतो त्याच्या पाच टक्के म्हणजे जवळजवळ तो जादा दाबच. कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्षात होडीची फुगवलेली नळी थोडी आक्रसत असल्यामुळे घट कमी होते, तरी पट्टा ढिला पडायला ती पुरेशी आहे. आता मी होडी पाण्यात ठेवून दहा मिनिटे थांबतो, पंप मारून दाब पुन्हा पूर्ण करतो आणि त्यानंतरच पट्टा आवळतो. शिवाय पट्ट्याच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा ताणून बांधला आहे, जो उरलेला फरक स्वतःच सांभाळून घेतो. ज्या अडचणीपायी तीन बकलांचे पैसे वाया गेले, ती फुकटच्या रबराने सुटली, याचा आनंद मला अजून होतो. परतताना मात्र होडी उन्हात ओढण्यापूर्वी थोडी हवा सोडावी लागते, अन्यथा उलट प्रकार घडून सांध्यांवर ताण येतो.

नांगराविषयी थोडक्यात. दीड किलोचा, घडीचा, चार नखांचा नांगर खाडीच्या मऊ चिखलात नुसता फरफटत येत असे. त्याला दीड मीटर साखळी जोडल्यावर ओढ तळाशी आडवी राहू लागली आणि तो धरू लागला. पाणी चार मीटर असेल तर मी किमान वीस मीटर दोर सोडतो आणि भरती चढू लागली की आणखी देतो. गावातल्या एका अनुभवी होडीवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की, नांगर नेहमी नाळेवरूनच टाकावा. वाहत्या पाण्यात तो मागून किंवा बाजूने टाकला तर होडी आडवी होऊन पाणी आत येते. दोराच्या टोकाला मी रिकामा कॅन बांधला आहे, म्हणजे प्रसंग आलाच तर क्लीटवरून दोर सोडून देता येतो आणि नंतर तो शोधता येतो.

सव्वीस फेऱ्यांनंतर पाटाला तडा नाही, बोल्टांना गंज नाही आणि वल्ह्यांच्या बैठकांच्या कडा जशाच्या तशा आहेत. एकच खूण दिसते : मॅटखाली अडकलेल्या वाळूने नाळेवरचा रंग हातभर घासला गेला आहे. त्यामुळे आता प्रत्येक फेरीनंतर पाट काढून दोन्ही पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुतो, आणि पाट काढता येण्याचा खरा उपयोग मला तिथेच झाला. ट्यूबचा तुकडा उन्हाने तडकू लागला आहे. पावसाळ्यानंतर होडी बाहेर काढेन तेव्हा तो बदलायचा आहे, त्यासाठी सायकलवाल्याकडे एक पंक्चर झालेली ट्यूब आधीच बाजूला ठेवायला सांगितली आहे.