इंग्लंडमधलं जुनं लग्न शोधायचंय: आधी पेपर की चर्चची वही?

१८०० ते १८३७ या काळातलं एखादं इंग्लिश लग्न शोधायचं, तर मुख्य वाटा दोन: स्थानिक साप्ताहिकातली लग्नाची बातमी आणि चर्चची विवाह नोंदवही. आधी कुठे बघायचं, हे त्या घराच्या ऐपतीवर ठरवावं.

शेतमजूर किंवा मोलकरीण असेल तर पेपरच्या नादी लागू नका. गरिबाचं लग्न छापून यायला नवरा सत्तरीचा आणि नवरी विशीची, असं काहीतरी नवल लागायचं. वहीत मात्र सगळे सापडतात. १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविक कायद्याने ज्यू आणि क्वेकर वगळता सगळ्यांना अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच लग्न लावणं भाग होतं, म्हणून कॅथलिक आणि मेथडिस्टही त्याच वहीत आहेत.

दुकानदार, वकील, पाद्री किंवा बऱ्यापैकी शेतकरी असेल तर मी पेपरपासून सुरुवात करीन. ‘बाथ क्रॉनिकल’ किंवा ‘जॅक्सन्स ऑक्सफर्ड जर्नल’ यांसारख्या चार पानी अंकांत मजकूर साधारण असा असे: गेल्या मंगळवारी, सेंट मेरी चर्चमध्ये, रेव्हरंड अमुक यांच्या हस्ते, या गावचे किराणा व्यापारी मिस्टर अमुक यांचा विवाह तमुक गावच्या मिस्टर तमुक यांच्या धाकट्या कन्येशी झाला. यातला वधूपिता सोन्याच्या मोलाचा, कारण १ जुलै १८३७ आधीच्या नोंदवहीत वडिलांच्या नावाचा रकानाच नाही. शिवाय लग्न बहुधा मुलीच्या गावी लागे. आपण मुलाच्या गावच्या वह्या उपसत बसतो आणि पेपर दोन ओळींत नेमकं चर्च सांगून मोकळा होतो.

तारखेला मात्र पेपर कच्चा. संपादक एकमेकांच्या अंकांतून बातम्या बिनदिक्कत उचलत. त्यात ‘गेल्या मंगळवारी’ तसंच राहिलं की आठवड्याची चूक ठरलेली. ‘नुकतंच’ असेल तर महिनाही उलटलेला असू शकतो. खोडसाळपणे धाडलेल्या खोट्या लग्नांच्या बातम्याही छापल्या जात. म्हणून पुरावा म्हणाल तर वहीच. तिथे नवरा-नवरीची सही किंवा फुली असते, आणि दोन साक्षीदारही. साक्षीदारांत कधी मेहुणा सापडतो, कधी पानोपानी सही ठोकणारा चर्चचा कारकून.

खर्चाचं बघाल तर जुने पेपर ऑनलाइन दाखवणाऱ्या ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला वर्गणी पडते. चर्चच्या वह्यांतल्या नोंदी शोधायचं फ्री-रेज (FreeREG) हे संकेतस्थळ फुकट आहे, पण काही परगण्यांच्या नोंदी भरपूर, काहींच्या तुटपुंज्या.

मुंबईत लागलेल्या इंग्लिश लग्नासाठी इंग्लंडचा पेपर चाळताना लग्नाच्या तारखेनंतर चार ते सहा महिन्यांनी निघालेले अंक बघा, कारण बातमी जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून यायची. सेंट थॉमससारख्या मुंबईतल्या चर्चच्या नोंदींच्या नकला ईस्ट इंडिया कंपनीकडे लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इथे मी पेपर नंतरच उघडीन.