विंडोजचा डिफेंडर की विकतचा अँटिव्हायरस?

शेजारच्या काकांनी नवा संगणक घेतला आणि विकतचा अँटिव्हायरस घ्यावा की विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरवर भागवावे, या पेचात ते पडले. खर्चाचे उत्तर सरळ आहे: डिफेंडरला वेगळे पैसे पडत नाहीत, विकतच्याचे वर्गणीप्रमाणे नूतनीकरण करावे लागते. देखभालीतही डिफेंडर सोपा, कारण त्याची अद्ययावत माहिती विंडोजच्या अपडेटमधून आपोआप येते. मात्र विंडोज १० चा नियमित मोफत आधार (म्हणजे सुरक्षेच्या अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

संरक्षणाचा मुद्दा अधिक बारकाईने पाहावा लागतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला रोखण्यासाठी डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय आहे, पण ती सहसा बंद असते. काकांच्या संगणकावरही बंदच होती, ती आम्ही ‘विंडोज सिक्युरिटी’त जाऊन सुरू केली. विकतच्या संचांत अनेकदा मुलांच्या वापरावर देखरेख आणि अनेक उपकरणांसाठी एकच परवाना मिळतो. फसव्या फोनवर आपणच ओटीपी सांगितला, तर मात्र दोन्ही निरुपयोगी ठरतात.

एकच संगणक असून अपडेट वेळेवर घेणाऱ्या घराला डिफेंडर पुरेसा आहे. मुले, अनेक उपकरणे आणि अडचणीला फोनवर मदत हवी असणाऱ्यांनी विकतचा घ्यावा.