नववीतल्या पोरीला आधी काय द्यावं: 'द हंगर गेम्स' की 'द गिव्हर'?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माझी भाची यंदा नववीत गेली. मराठी माध्यमातली. इंग्रजी कादंबरी अजून एकही अख्खी वाचलेली नाही, पण मैत्रिणींच्या तोंडून 'द हंगर गेम्स'चं नाव ऐकून आली होती. "कुठलं आधी वाचू सांग की, मावशी," म्हणाली. माझ्या कपाटात कैदेतून सुटू बघणाऱ्या मुलांच्या तीन कादंबऱ्या आहेत. तिच्यासाठी तिन्ही पुन्हा वाचल्या. तुमच्याही घरात असं मूल असेल, म्हणून लिहिते.

जेम्स डॅशनर यांचं 'द मेझ रनर' (2009) मी लगेच बाजूला ठेवलं. स्वतःच्या नावापलीकडे काहीही न आठवणारा थॉमस उंच भिंतींच्या आत येऊन पडतो, बाहेर चक्रव्यूह, रात्री दारं बंद. पळापळ छान आहे. पण तिथल्या मुलांची बोली लेखकानं स्वतः घडवलेली आहे, आणि इंग्रजीत नुकतं पाऊल टाकणाऱ्याला ते शब्द कोशातही सापडत नाहीत. शिवाय गोष्ट पहिल्या भागात संपत नाही. ज्याचं इंग्रजी पक्कं आहे आणि ज्याला कोडी आवडतात, त्याला खुशाल द्या.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (2008) पॅनेम नावाचा देश आहे. तिथल्या 12 जिल्ह्यांतून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी उचलतात. अशी 24 मुलं एका मैदानात सोडायची, एकच जिवंत उरेपर्यंत. सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघायचं. धाकट्या बहिणीचं, प्रिमचं, नाव निघतं आणि 16 वर्षांची कॅटनिस तिच्या जागी उभी राहते.

मला या पुस्तकात लढाईपेक्षा धान्याचा हिशेब जास्त जिव्हारी लागतो. घरात खायला नसेल तर मुलाला वर्षभर पुरवून खायचं थोडं धान्य आणि तेल मिळतं, पण त्याबदली सोडतीत त्याच्या नावाची एक चिठ्ठी वाढते. पुढच्या वर्षी ती चिठ्ठी तशीच राहते, वर नवीन पडते. घर चालवणाऱ्या कॅटनिसच्या नावाच्या 20 चिठ्ठ्या झालेल्या असतात. 12 वर्षांच्या प्रिमची एकच असते, आणि नेमकी तीच निघते. रेशनच्या रांगेत आईबरोबर उभं राहिलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

गोष्ट कॅटनिसच्याच तोंडून, चालू वर्तमानकाळात येते. त्यामुळे 27 प्रकरणं जाडजूड वाटली तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मुलांनी मुलांना मारणं मात्र अगदी जवळून दिसतं. हळव्या मुलाला हे एकट्यानं वाचू देऊ नका.

आपल्याकडच्या पोरांना अशी कैद ओळखीची आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली आणि बैलहोंगलच्या किल्ल्यात बंदिवान असतानाच 1829 मध्ये गेली. तिच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये खानापूर तालुक्यातल्याच नंदगडला फाशी दिली. दगडी भिंत दिसते, शत्रू कोण ते ठाऊक असतं. कॅटनिसची गोष्ट त्याच जातीची आहे.

लोइस लॉरी यांच्या 'द गिव्हर'मधल्या (1993) गावात अशी भिंतच दिसत नाही. कुणी उपाशी नाही, कुणी भांडत नाही. रंग नाहीत, जुन्या आठवणी नाहीत. 12 व्या वर्षी वडीलधारी मंडळीच प्रत्येकाचं काम ठरवून देतात. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे परस्पर ठरलेलं असतं, अशा घरातली मुलं इथं थबकतात. गोष्टीचा नायक जोनास, त्याला मात्र वेगळंच काम मिळतं: सगळ्यांच्या वतीनं आठवणी सांभाळायच्या.

या गावात शब्द चुकायला बंदी आहे. जोनासचा मित्र ॲशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागताना 'स्नॅक'ऐवजी 'स्मॅक' म्हणजे फटका म्हणतो, आणि प्रत्येक चुकीला त्याला खरंच फटका मिळतो. शेवटी काही काळ ते पोर बोलायचंच थांबतं. घरी मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी, अशी आपली मुलं. एका भाषेतला शब्द दुसरीत निसटला की जीभ कशी अडखळते, ते त्यांना ठाऊक आहे. दीड पानाचा हा प्रसंग वाचताना माझे हात थांबले. पुढं जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात, म्हणतात, असा अर्थ नसलेला शब्द वापरू नये. शब्दच काढून घेतला तर त्यामागची भावना मागायची कशी, हे इतक्या साध्या इंग्रजीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

वाक्यं आखूड, प्रकरणं 23, एका आठवड्यात संपेल. एवढं मात्र ध्यानात ठेवा: उत्तरार्धात तान्ह्या बाळाचा एक प्रसंग आहे, रक्त न दिसताही तो 'हंगर गेम्स'मधल्या कुठल्याही मृत्यूपेक्षा खोल जातो. त्या दिवशी मुलाजवळ कुणीतरी असावं. शेवटही मोकळा सोडलेला आहे, "पुढं काय झालं?" म्हणून काही मुलं चिडतात. वाचनाचा कंटाळा असलेल्या, थराराशिवाय पान न उलटणाऱ्या मुलाला म्हणूनच आधी 'हंगर गेम्स' द्यावं. बाकी सगळ्यांना माझ्या मते 'द गिव्हर'.

भाचीला तेच दिलंय. 'हंगर गेम्स' दसऱ्याच्या सुट्टीसाठी ठेवलंय. काल रात्री तिचा फोन आला, सातवं प्रकरण संपलं होतं. "मावशी, सगळ्यांस्नी काम दिल्यात आणि ह्याचंच नाव गाळल्यात बघ. पुढचं सांगू नको हं."