जुन्या लष्करी मॅन्युअलसाठी बाइंडर: अकरा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

कपाटात होता तो माल असा: एम-१५१ जीपचा अमेरिकी टीएम (टेक्निकल मॅन्युअल) ९-२३२०-२१८ संच (चालकासाठी -१०, युनिटच्या दुरुस्तीसाठी -२०, वरच्या पातळीच्या दुरुस्तीसाठी -३४), विलीज जीपची १९४४ची टीएम ९-८०३ आणि ब्रिटिश पद्धतीची फूलस्केप सुटी पानं. चार प्रकारचे बाइंडर वापरले. मुंबईची दमट हवा, कपाटाला एसी नाही.

पहिली अडचण भोकांची. आपल्याकडचे लिव्हर आर्च (खटक्याची जाड फाइल) आणि टू-डी (डी आकाराच्या दोन रिंगांचे) बाइंडर ८० मिमी अंतराच्या दोन भोकांसाठी बनतात, चार रिंगांच्या फोर-डीतही तेच अंतर पुढे चालतं. अमेरिकी पानाला तीन भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर १०८ मिमी. ही दोन्ही मापं कधीच जुळत नाहीत, आणि 'दोन भोकं जास्तीची पाडू' हा दुकानातला सल्ला मूळ प्रतीसाठी ऐकायचा नाही. तीन रिंगांचा बाइंडर मागवून घ्यावा लागतो. पान लेटर आकाराचं, २१६ × २७९ मिमी. पण १९८०च्या दशकापूर्वीचं अमेरिकी सरकारी पत्राचा कागद २०३ × २६७ मिमीचा असायचा, त्यामुळे जुनी पानं प्लास्टिकच्या खिशात हलतात. फूलस्केपची गोष्ट उलटी. ते ३३० मिमी उंच, म्हणजे ए-फोरच्या पानापेक्षा ३३ मिमी जास्त. इथे मात्र आपला बाजार कामाला येतो: एफसी (फूलस्केप) मापाची लिव्हर आर्च कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळते.

कव्हर आणि खिसे पीव्हीसीचे असतील तर बाकी काहीही चांगलं असो, परत करा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि झेरॉक्सची शाई खिशाला चिकटते. स्वस्त बाइंडरमध्ये चौथ्या महिन्यातच झेरॉक्स पानावरची अक्षरं उलटी होऊन खिशावर उमटली. पाकिटावर 'ॲसिड-फ्री' छापलेलं होतं, त्यावर विसंबू नका. खात्री करायची तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, कव्हरच्या कोपऱ्याला टेकवा आणि चिकटलेला कण पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर पीव्हीसी समजा. धूर वाईट असतो, हे गॅलरीत करा. चालणारी प्लास्टिकं तीनच: पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि कोटिंग नसलेलं पॉलिएस्टर.

गोल रिंगेपेक्षा डी-रिंग निःसंशय बरी, तीही मागच्या पुठ्ठ्याला रिव्हेट केलेली. पाठीला बसवलेल्या गोल रिंगेत बाइंडर मिटताना पहिली आणि शेवटची पंधरावीस पानं वक्राकार ओढली जातात आणि ठिसूळ कागद नेमका भोकाच्या कडेला फाटतो. विकत घेताना रिंग मिटून उजेडासमोर धरा. सांध्यात ८० जीएसएमच्या कागदाची कड शिरली तर तो बाइंडर नको. उघडताना वरचा आणि खालचा खटका एकदम दाबा. रिंगा हातांनी ओढल्या की त्या वाकतात आणि मग सांधा कधीच जुळत नाही.

खिशांचं गणित बहुतेकांचं चुकतं. ५० मायक्रॉन पॉलिएस्टरचे दोन थर, ०.१ मिमीचं पान, मागे ०.१ मिमीचा अल्कधर्मी कागद: मिळून ०.३ मिमी. म्हणजे शंभर पानांना ३० मिमी, हवा वेगळी. ५० मिमीच्या डी-रिंगेत १३० पानांपुढे जाऊ नये, आणि तेवढ्यालाच अडीच किलोच्या आसपास वजन होतं. असा बाइंडर उभा ठेवला की पानं रिंगेला लोंबकळतात. आडवाच ठेवा, एकावर एक दोनच. मागचा कागद वाचवायचा मोह होतो, पण जुना आम्लधर्मी कागद पॉलिएस्टरमध्ये चारी बाजूंनी बंद केला तर तो उघड्यावरच्यापेक्षा लवकर खराब होतो. खिसा दोन बाजूंनी उघडा हवा. ब्लूप्रिंटला मात्र हा अल्कधर्मी कागद लावू नका, त्याचा निळा रंग उडतो. ती साध्या, बफर (म्हणजे मुद्दाम मिसळलेला अल्क) नसलेल्या कागदात वेगळी ठेवा. डायझो, म्हणजे अमोनिया प्रतींनाही वेगळी फाइल.

घडीचे आराखडे शेवटी असतात आणि बाइंडर बाहेरच्या कडेला फुगवतात. उपाय सोपा आहे: रिंगेच्या बाजूला २५ मिमी रुंद कागदी पट्ट्या, जितक्या घड्या तितक्या, म्हणजे जाडी सारखी होते. आराखडे सतत उघडायचे असतील तर ते बाहेर काढून सपाट पेटीत ठेवावेत. एकाच घडीवर वारंवार उलगडलेला वायरिंगचा तक्ता अखेर त्याच रेषेवर दुभंगतो.

फाटलेल्या भोकाला बाजारू चिकट गोल चकत्या लावू नका. त्यांचा गोंद पिवळा पडून शेजारच्या पानाला चिकटतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, दोन्ही बाजूंनी टीपकागद, वर वजन, रात्रभर. खळ स्वतः करा. बाइंडिंगवाल्याकडून आणली तर कसर लागू नये म्हणून तो तिच्यात मोरचूद घालतो, आणि तांबं कागदाला आतून जाळतं.

ऑगस्टमध्ये दोन बाइंडरच्या धातूच्या यंत्रणांना गंज दिसला. रिंगेवर नव्हे, तर रिव्हेटभोवती, जिथे निकेलचा मुलामा फुटतो. शेजारच्या पानावर तांबूस ठिपका, मुगाएवढा. तेव्हापासून पहिल्या पानाआधी आणि शेवटच्या पानानंतर पॉलिएस्टरचा कोरा पत्रा घातला. झाकणाच्या केसमधल्या बाइंडरला गंज आला नाही, मात्र केसमध्ये कोंदट वास आला. सिलिका जेलची पुडी महिन्याला तापवून परत ठेवल्यावर तो गेला. आर्द्रतेचा काटा ६५ टक्क्यांवर राहिला की बुरशीची वाट पाहायला नको, पंखा लावा.

टीएम ९-८०३सारखी पिनांनी शिवलेली पुस्तिका रिंगेत घालायचीच नाही. पिन गंजली असेल तर पाठीमागून सपाट चिमट्याने सरळ करून काढा, सुती दोऱ्याने जुन्याच भोकांतून टाका घ्या आणि चार पाकळ्यांच्या कागदी वेष्टनात घालून पेटीत ठेवा. गॅरेजमध्ये तेलकट हातांनी चाळायला स्कॅनची छापील प्रत असावी. अमेरिकी सरकारच्या प्रकाशनांना तिथे कॉपीराइट नाही, म्हणून ती काढायला अडचण नाही, आणि तिच्यासाठी साधी लिव्हर आर्चही चालेल.

'चेंज' पत्रकांचं, म्हणजे मॅन्युअलमधले बदल कळवणाऱ्या पत्रकांचं, एक पथ्य. पत्रकावर जुनी पानं काढून नवी घालण्याची यादी असते आणि ते मॅन्युअलच्या पुढे लावायला सांगितलेलं असतं. बदललेल्या मजकुराशेजारी समासात उभी रेघ असते. लष्करात काढलेलं पान टाकून देत, तुम्ही देऊ नका. कोणत्या जीपला कोणता कार्ब्युरेटर होता हे कधीकधी त्या टाकलेल्या पानावरच असतं. अशा पानांना वेगळा खिसा, वर पेन्सिलीने चेंज क्रमांक. शेवटचा डीए फॉर्म २०२८, म्हणजे चूक कळवायचा कोरा नमुना, तोही फाडून फेकू नका.