ट्रॅव्हलरमधल्या लिथियम बॅटऱ्या, आठ महिन्यांनंतर

जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला तेव्हा घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरीच आत ठेवली होती. पन्नास किलोच्या वर वजनाचं धूड, आणि निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. दिवाळीआधी तिच्या जागी १०० एएचच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या बसवल्या. एकेक जेमतेम बारा किलोची. बॅटऱ्यांबद्दल तक्रार शून्य. जो काही ताप झाला तो वायरिंगचा.

दोन्ही पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडायच्या होत्या. जोडण्याआधी प्रत्येक वेगळी पूर्ण चार्ज केली, नाहीतर भरलेलीतून रिकामीत भसकन करंट जातो. एवढं मला माहीत होतं. पण इथे चुकलो: इन्व्हर्टरच्या प्लस-मायनस दोन्ही वायरी मी पहिल्याच बॅटरीवरून काढल्या.

दिवेआगरला सकाळी इंडक्शनवर पोहे होत होते आणि बायकोने चटणीसाठी मिक्सर लावला. दोन-चार सेकंदांत सगळं ठप्प. पोहे अर्धे कच्चे, आणि मी सीट उचलून खाली डोकावतोय! पुण्यात आल्यावर क्लॅम्प मीटर लावला. एकट्या इंडक्शनला १३० अँपिअर लागत होते. त्यातले पहिली ८२ देत होती, दुसरी ४८. मिक्सर लागताच पहिली शंभराच्या वर गेली, तिच्या बीएमएसने (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) हात वर केले, सगळा भार दुसरीवर आला आणि तीही बंद. उपाय फुकटचा होता: प्लस पहिलीवरून, मायनस दुसरीवरून. आता ६७ आणि ६३ येतात.

दुसरी चूक लगची, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या जोडाची. हातोडीने ठोकून बसवलेला एक लग इतका तापायचा की बोट टेकवत नसे. तापकीर गल्लीतून ३५ स्क्वेअर एमएमची वायर आणली, हायड्रॉलिक क्रिम्परने लग दाबून घेतले. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, हेही तेव्हाच सुधारलं.

गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्जिंगसाठी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, एक रिले टाकू, काम होईल." काम झालं, पण लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. चांदणी चौकात गाडी रांगेत उभी, इंजिन आयडलला, पंख्याची हवा कमी. अल्टरनेटर भाजून निघाला. मग ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर लावला, तो त्याहून जास्त करंट ओढू देत नाही. चार तासांच्या प्रवासात शंभराच्या वर एएच भरतात. पैसे लागले, पण इथे कंजूषी करू नका.

व्होल्टमीटरवर विश्वास ठेवायचा मात्र सोडून दिलाय. ८० टक्के असो की ४०, काटा १३ व्होल्टच्या आसपासच घुटमळतो. शंटवाला मीटर घ्या, तो बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजून हिशेब ठेवतो. तोही हळूहळू भरकटतो, म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून त्याला १०० वर आणावं लागतं. स्पितीला जाणाऱ्यांनी एवढं पाहा की शून्य अंशाखाली बीएमएस चार्जिंग थांबवतो की नाही. गोठलेल्या सेलला चार्ज केलं की तो कायमचा बिघडतो.

गाडी महिनाभर सोसायटीत उभी राहणार असेल तर ६० टक्क्यांवर ठेवतो. आधी छतावरच्या सोलरचा एमसीबी पाडायचा, मग बॅटरीचा. उलटं केलं तर सोलरचा चार्ज कंट्रोलर जायची भीती, म्हणून दोन्हींवर मार्करने १ आणि २ लिहून ठेवलंय.