वापरलेला जॉयस्टिक-थ्रॉटल संच घेताय? आधी माझं काय झालं ते वाचा

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. विक्रेत्याचा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांडीवर, मागे-पुढे, मागे-पुढे, आणि स्क्रीनवर इंजिनाचा आकडा त्याबरोबर सुरळीत चढत-उतरत होता. पैसे पाठवण्याआधी मी तो चार-पाच वेळा पाहिला, आणि पैसे गेल्यावर कितीतरी वेळा. जे आधीच दिसायला हवं होतं ते नंतर दिसलं: त्या चाळीस सेकंदांत त्याने थ्रॉटल एकदाही एका जागी थांबवला नव्हता.

२०२०च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, आला आणि पुढे कित्येक महिने बऱ्या जॉयस्टिक बाजारातून गायब झाल्या. मी तोवर गेमपॅडवर उडवत होतो. गेमपॅडच्या त्या बुटक्या काडीला हलायला जागाच किती! धावपट्टीवर टेकताना नाक जरासं वर घ्यायला जावं, तर विमान उसळी मारायचं. मला होटास हवा होता. हँड्स ऑन थ्रॉटल अँड स्टिक, म्हणजे एक हात थ्रॉटलवर, दुसरा स्टिकवर, आणि हात न उचलता महत्त्वाची सगळी बटणं बोटांखाली. लढाऊ विमानांच्या कॉकपिटमधली ही रचना एकदा डोक्यात बसली की कीबोर्ड नकोसा होतो. नवा संच मिळेना, म्हणून वापरलेल्याच्या मागे लागलो.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर जाहिरात दिसली, नेमकी हवी तशी. 'फक्त दोन महिने वापर, सगळे सेन्सर हॉल इफेक्ट, बॉक्ससकट.' किंमत नव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. संच कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण यात कंपनीचा काही दोष नाही.

'हॉल इफेक्ट' या दोन शब्दांवर मी भुललो, म्हणून ते काय असतं ते सांगतो. स्वस्त जॉयस्टिकमध्ये बहुधा पोटेन्शिओमीटर असतो, सगळे त्याला पॉट म्हणतात. आत कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची बारीक जीभ. जीभ कुठे टेकली आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि संगणकाला स्टिकची जागा कळते. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची भुकटी पडते, आणि मग स्टिक हलली नसतानाही आकडा नाचायला लागतो. हॉल सेन्सरमध्ये काही घासतच नाही. समोर चुंबक फिरतं आणि सेन्सर त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम जॉयस्टिकचं आयुष्य कितीतरी वाढवतो. पण एखाद्या जॉयस्टिकला हॉल सेन्सर आहेत म्हणजे तिच्या सगळ्या ॲक्सिसना, म्हणजे हलण्याच्या प्रत्येक दिशेला, आहेत असं नाही. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एमचंच घ्या. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलण्याला हॉल सेन्सर आहे, पण मूठ पिळून (ट्विस्ट) रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू, देतो त्याला साधा पॉटच आहे. त्यामुळे 'सगळे हॉल' असं कुणी म्हणालं की 'ट्विस्टलाही? थ्रॉटललाही?' असं विचारायलाच हवं. मी विचारलं नाही.

बोलायला माणूस गोड होता. "दादा, ॲपमधून पैसे दिलेत तर कमिशन कापलं जातं. थेट पाठवा ना, तेवढे तुम्हालाच कमी करतो." मला त्यात वावगं वाटलं नाही, उलट माझेच पैसे वाचतायत असं वाटलं. सगळी रक्कम आगाऊ पाठवली.

आठवड्याने खोकं आलं. बॉक्स खरा, वायर नीट गुंडाळलेली, बाहेरून ओरखडासुद्धा नाही. थ्रॉटलच्या बुडाशी मात्र सिरियल नंबरचं लेबल नव्हतं, तिथे गोंदाचा चिकट चौकोन तेवढा राहिला होता. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी घाईघाईने जोडून सेसना १७२ हवेत नेलं.

हे विमान मुद्दाम सांगतो. याच्या पंख्याची पाती ठरावीक कोनात पक्की असतात, त्यामुळे थ्रॉटलमध्ये जरा जरी फरक पडला की लगेच आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) काट्यावर दिसतो. सरळ उड्डाणात थ्रॉटल ठेवून हात काढला, तर काटा २,३०० च्या आसपास थरथरतोय आणि इंजिनाचा आवाजही त्याबरोबर वरखाली होतोय. त्यात नाक हळूहळू डावीकडे वळायला लागलं. स्टिकला माझा हातही लागलेला नव्हता.

विक्रेत्याला कळवलं. "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, दादा. माझी प्रोफाइल पाठवतो, ती टाका, सगळं ठीक होईल." त्याने आपल्या सेटिंगची ती फाइल पाठवली. ती टाकल्यावर नाक वळायचं थांबलं आणि माझा जीव भांड्यात पडला, पण संध्याकाळपुरताच. आडव्या वाऱ्यात उतरायला गेलो तर रडर लागेचना. मूठ पिळतोय, पिळतोय, काहीच नाही, आणि मग एकदम विमान धावपट्टीवर आडवं.

ती प्रोफाइल मी सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली. ट्विस्टच्या ॲक्सिसला डेड झोन तीस टक्के लावलेला होता. डेड झोन म्हणजे मध्यभागी सोडलेली मुकी जागा, तेवढ्यात स्टिक कितीही हलली तरी सिम्युलेटरला कळत नाही. चांगल्या स्टिकला तो एक-दोन टक्के पुरतो, नाही लावला तरी चालतं. तीस टक्के कुणी हौसेने लावत नाही. या माणसाला बिघाड माहीत होता, त्याने तो डेड झोनखाली दाबला होता, आणि वर तीच फाइल उपाय म्हणून मला पाठवली होती. पैशांपेक्षा मला ही गोष्ट जास्त लागली.

मग विंडोजच्या गेम कंट्रोलर पानावर गेलो. रनमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' टाइप केलं की ते उघडतं. कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्य आणि टोकं संगणकाला ओळखवणं) सुरू केलं की 'डिस्प्ले रॉ डेटा' अशी चौकट मिळते, ती टिचकवली की कच्चे आकडे दिसतात, त्यांच्यावर कसलंही पांघरूण नसतं. थ्रॉटल निम्म्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेतला. १,०२४ पायऱ्यांच्या त्या ॲक्सिसवर आकडा ४८० ते ५६० च्या मध्ये उड्या मारत होता. ट्विस्ट डावीकडे पिळून सोडला तर एका आकड्यावर थांबे, उजवीकडून सोडला तर भलत्याच. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. विंडोज आपलं कॅलिब्रेशन त्या त्या संगणकात जपून ठेवतं, जॉयस्टिकमध्ये नाही. म्हणून विक्रेत्याच्या संगणकावर सरळ वाटणारी स्टिक तुमच्याकडे आल्यावर वाकडी निघू शकते.

शेवटी थ्रॉटल उघडला. रबरी पायांखाली चार स्क्रू होते, त्यांतल्या एकाची खाच आधीच कुणीतरी गुळगुळीत केलेली. आत पॉट. कार्बनच्या पट्ट्यावर बरोबर मधल्या भागात घासून चकचकीत झालेला चट्टा, कडेला काळी भुकटी. दोन महिन्यांत पट्टा इतका झिजत नाही. त्याला फोटो पाठवले तर म्हणाला, "कुरियरवाल्यांनी आपटलं असेल." आपटल्याने प्लास्टिक तडकतं, कार्बन झिजत नाही. एवढं लिहिलं आणि त्याने मला ब्लॉक केलं. ॲपवाल्यांकडे तक्रार केली, तर व्यवहार आमच्यामार्फत झालाच नाही, म्हणून काही करता येत नाही असं उत्तर आलं. त्यांचंही खरंच होतं. त्याने वाचवलेलं ते कमिशन म्हणजे माझं एकमेव संरक्षण होतं. पट्ट्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिला, चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

वापरलेला संच घेणार असाल तर विक्रेत्याकडून सिम्युलेटरमधला व्हिडिओ घेऊच नका, कच्च्या आकड्यांचा मागा. थ्रॉटल पाव, निम्मा आणि पाऊण अशा तीन जागी ठेवायचा, दर वेळी हात बाजूला घ्यायचा आणि दहा सेकंद काहीही न करता आकडा दाखवायचा. लिव्हर हलती असताना पॉटचं थरथरणं दिसतच नाही, कारण आकडा तसाही पळतच असतो. स्टिक आणि ट्विस्ट दोन्ही बाजूंनी सोडून एकाच आकड्यावर परततात का ते पाहा. बुडाचं लेबल दिसू द्या. हे सगळं दोन मिनिटांत होतं, आणि ज्याला लपवायचं असतं तो नेमकी एवढीच दोन मिनिटं टाळतो. लेबल काढलेलं असेल तर वॉरंटी विसरा, असली तरी दुसऱ्या मालकाला ती मिळेलच असं नाही.

आणि कदाचित तुम्हाला एवढा मोठा संच नकोच असेल. मी तो रुबाबासाठी घेत होतो, हे आज कळतं. ए-१०सी किंवा एफ-१८ अशी लढाऊ विमानं उडवणाऱ्याला दोन इंजिनांचा वेगळा होणारा थ्रॉटल आणि वीस-पंचवीस बटणं खरंच लागतात. सेसनासाठी ट्विस्ट असलेली एक साधी, नवी जॉयस्टिक आणि बुडाशी छोटी थ्रॉटलपट्टी पुरते. पुढे मी तीच घेतली. उतरताना नाक हवं तिथे राहतं.

गेल्या महिन्यात रडर पेडल घ्यायची होती, तीही वापरलेलीच. विक्रेत्याला हेच सगळं मागितलं. तो वैतागला नाही. अर्ध्या तासात व्हिडिओ आला: पेडल मध्यावर, पाय बाजूला, आकडा ५११, आणि दहा सेकंद संपेपर्यंत ५११च. पैसे ॲपमधूनच दिले.